पाखऱ्याची ओळ

मी जात्याच जळकुटी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याबद्दल भलती चांगली समजूत करून घेणार नाही. लहानपणी धाकट्या भावाच्या वाटीत माझ्यापेक्षा बोटभर जास्त साय पडली तरी मला दिवसभर घास गोड लागायचा नाही. आता केस पांढरे झाले, गुडघ्यांनी दगा दिला, तरी शेजारणीचा मोगरा माझ्या मोगऱ्याआधी फुलला की मी त्या बाजूची खिडकी लावून घेते. नवरा होता तोवर हसायचा. म्हणायचा, तुझ्या पोटात चूल आहे, पऱ्हाट्या घालायचीही गरज नाही. पण या सगळ्या आयुष्यभराच्या जळण्यात एक जळणं असं होतं, की त्यानं आमच्या डोंगराचा इतिहास बदलून गेला. ते सांगायला बसले आहे.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा डोंगरावर. महागावहून येणारी गाडी खाली फाट्यावर सोडायची आणि तिथून पाऊण तास चढ. आधी साग, मग धावडा, मग बिब्बा आणि चारोळीची झाडं, आणि शेवटच्या वळणावर पळसांचं बन. फाल्गुनात त्या वळणावर माणूस उभा राहिला तर त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरही लाल छाया पडायची. वर आलं की डोंगराचा माथा तव्यासारखा सपाट. त्यावर आमची तीस-पस्तीस घरं, मधोमध नायकाचं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचं, घर, समोर लिंबाचं झाड आणि त्याखाली सेवालालचा पांढरा झेंडा. माती पातळ, मुरमाड, पण कापूस धरायची. दक्षिणेकडच्या कड्यावर बसलं तर हवा स्वच्छ असेल त्या दिवशी लांबवर पैनगंगेचा दोरा दिसायचा. चैत्रात पहाटे मोहाची फुलं टपटप पडत, ती वेचायला आम्ही पोरी टोपल्या घेऊन धावायचो आणि अस्वलं आमच्या आधी येऊन गेलेली असायची. त्यांचाही मला राग यायचा.

म्हातारे सांगत, आपली माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून फिरत. हजार हजार बैलांचा तांडा चालला की मागे धूळ दोन दिवस खाली बसत नसे. मग आगगाडी आली, सडका आल्या, आणि बैलाच्या पाठीवरच्या मिठाला कुणी विचारेना. तेव्हा हेमला नायकानं उरलेला तांडा या डोंगरावर आणला आणि शेवटच्या गोण्या एका लांबट काळ्या शिळेवर उतरवल्या. म्हणून हा गोणीचा डोंगर आणि ती मिठाची शिळा. शेळ्या ती शिळा अजून चाटतात. मीही लहानपणी चाटून पाहिली होती. नुसती दगडाची चव होती, पण हे मी कधी कुणाला बोलले नाही.

हा सगळा इतिहास कुठंही लिहिलेला नाही. तो पोरींच्या गळ्यात होता. आमच्यात लग्न झालेली पोरगी सासरी निघताना तिला बैलाच्या पाठीवर उभी करतात. ती दोन्ही हात वर करून तांड्याला आशीर्वाद देते, निरोप घेते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. सगळ्याच तांड्यांवर ही रीत होती. आमच्या तांड्याची त्यात एक जास्तीची रीत होती. आमची पोरगी आधी जुने मुक्काम गायची, मग डोंगरावरच्या एकेका जागेची ओळ, आणि शेवटी स्वतःची एक नवी ओळ. तिनं स्वतः पाहिलेली, डोंगरावरची एखादी जागा. म्हणजे गेलेल्या प्रत्येक पोरीनं मागे एक ओळ ठेवलेली. दुबेळक्या मोहाची ओळ कुणा झमकूची होती, अस्वलाच्या भुयाराची ओळ माझ्या आत्याची. बायका बैलाभोवती गोल करून ऐकायच्या, आणि नवी ओळ पटली की ती उचलायच्या, म्हणजे पोरीच्या मागून एकसाथ म्हणायच्या. उचलली की ओळ तांड्याची झाली. नाही उचलली तर पोरगी तशीच बैलावर उभी, हात वर, आणि खाली सगळं चिडीचूप. माझ्या आधी एकीचं तसं झालं होतं. तिनं आपल्याच घराच्या नव्या दाराचं कौतुक गायलं होतं. तिला नातवंडं झाली तरी तांड्यावरच्या बायका तिचा विषय निघाला की 'ती न उचललेली' असंच म्हणायच्या.

माझी ओळ मी दहा वर्षांची असतानाच ठरली होती. उत्तरेच्या उतारावर, उंबराच्या मुळाखाली मला एक झिरा सापडला होता. झिरा कसला, खडकाच्या वाटीत पाणी यायचं, एका वेळी ओंजळभर. ते प्यायलं की थोडा वेळ थांबायचं, मग पुन्हा ओंजळभर. ऐन वैशाखातही. मी कुणालाच सांगितलं नाही, शेळ्यांनासुद्धा तिकडं फिरकू दिलं नाही. आमच्या बोलीत माझी ओळ अशी होती की तिचा अर्थ व्हावा, डोंगर माझ्यासाठी ओंजळ धरून बसलाय, मी गेल्यावर त्याला कोण सांगेल की आता मिटून घे. मी ती रोज मनातल्या मनात घोळवायची. माझं लग्न कुणाशी होईल याचा विचार मी कधीच केला नाही. मी फक्त बैलावर उभी राहिलेली मला दिसायची, आणि खाली बायका रडत माझी ओळ उचलतायत.

आता माझ्या याडीबद्दल. आम्ही आईला याडी म्हणतो. माझी याडी ढाणकीकडच्या तांड्यावरून इथं सून म्हणून आलेली, पण या डोंगराचं सगळं गाणं तिच्याच गळ्यात होतं. लग्न ठरलं की पोरगी महिनाभर आमच्या ओसरीत येऊन बसायची आणि याडी तिला शिकवायची. मला तिनं कधी समोर बसवून शिकवलं नाही. "तुले कान हायेत ना? आयक तिकडून," म्हणायची. मी ऐकून ऐकून सगळं शिकले. तांड्यावर आलेल्या कुठल्याही पोरीपेक्षा मला जास्त येत होतं. मी वाट बघत होते, कधी माझी पाळी येईल आणि याडी म्हणेल, बस समोर.

आणि समोर येऊन बसली जमनी.

जमनी माझी चुलत बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. काका वणीला कोळशाचा ट्रक चालवायचे, जमनी तिकडंच वाढलेली. काकी वारली आणि वर्षाच्या आत काकांनी जमनीचं लग्न जमवलं. मुलगी तांड्यावरून, डोंगरावरून उठली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. संक्रांत झाल्यावर एका दुपारी ते तिला घेऊन आले, बाजेवर बसून पाणी प्यायले आणि माझ्या बाला म्हणाले, "भाऊ, हे तुहीच पोरगी समज." बस्स. दुसऱ्या दिवशी ते गेले. जमनीजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्या नखांच्या कडेला काळी रेघ होती, कितीही घासली तरी न जाणारी.

ती वर्षं कापसानं पिळून काढलेली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि राख. फवारणीचा वास घराघरात, पाण्याच्या माठालाही तो वास लागायचा. पाठीवर पंप बांधून गेलेला माणूस संध्याकाळी डोळे चोळत यायचा. आमच्या गोठ्यात दोन बैल होते. एक आधीच गेला होता. दुसरा पाखऱ्या, अंगावर तांबडे ठिपके असलेला, मी हाक मारली की कान मागे टाकून ऐकायचा. जमनी यायच्या आधीच्याच दिवाळीनंतर बानं त्याला महागावच्या बाजारात नेलं आणि संध्याकाळी फक्त घुंगरमाळ हातात घेऊन परत आला. माळ त्यानं रिकाम्या खुंट्याला अडकवली आणि जेवला नाही. मी रडले, पण घरात सगळेच तोंड बंद करून बसले होते, म्हणून मीही बंद केलं. तांड्यावर तेव्हा एकट्या नायकाच्या गोठ्यात बैलजोडी उरली होती.

अशा घरात जमनी आली आणि याडीच्या कुशीतली माझी जागा तिला गेली. हे मी अजून विसरलेली नाही. "तिले माय नाही व," याडी म्हणाली, जणू मला माय होती म्हणून मला चालून जाईल. गोधडीवर मी भिंतीकडे सरकले. सकाळी याडी तिच्या डोक्याला तेल लावायची, तेही रोज. लाल कापडाची आरसे लावलेली एक काचळी, म्हणजे आमची चोळी, याडी दोन वर्षांपासून शिवत होती, एकेक आरसा, एकेक कवडी. मी ती माझी धरून चालले होते. एक दिवस तिनं ती जमनीच्या अंगाला लावून बघितली आणि म्हणाली, "बाहीले थोडं सोडा लागते." मी बाहेर जाऊन शेळीला काठी मारली. शेळीचा काही दोष नव्हता.

जमनी वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. ती पाणी भरायची, गोठा झाडायची, भाकरी अशी थापायची की कडा कातल्यासारख्या गोल. भांडायला कारण द्यायचीच नाही. मी बोलले नाही तरी ती बोलायची. "कमळे, तुले हे झाड माईत हाय का व?" मी म्हणायची, "हो," आणि पुढं चालू लागायची. तिला साग आणि पळस यातला फरकही कळत नव्हता. मोराचा आवाज ऐकून ती पहिल्या दिवशी दचकली होती, तिला वाटलं कुणाचं मांजर अडकलं. आणि हिला डोंगराचं गाणं! आयत्या बिळावर नागोबा, असं मी भावाजवळ म्हणाले. त्यानं ते याडीला सांगितलं आणि याडीनं मला काहीच म्हटलं नाही, फक्त त्या दिवशी ठेचा माझ्या भाकरीवर वाढला नाही.

दुपारी ओसरीत शिकवणी चालायची. मधोमध किडक्या बोंडांचा ढीग. ती फोडून आतला उरलासुरला कापूस, कवडी म्हणतात त्याला, तो काढायचा. हात बोंडांत आणि तोंडात गाणं. याडी एक ओळ म्हणायची, जमनी मागून म्हणायची. पहिले काही दिवस जमनीचा आवाज चिकट निघायचा, मधेच खोकला यायचा, आणि मला फार बरं वाटायचं. मी खाली मान घालून बोंडं फोडत ओठ न हलवता सगळं बिनचूक म्हणत राहायची. मग साधारण पंधराव्या दिवशी, आत्याच्या भुयाराच्या ओळीवर, जमनीचा आवाज कुठून तरी मोकळा झाला. जाड आवाज होता तो, बायकी गोडवा नव्हता त्यात, पण तो अंगणापलीकडे गेला आणि नायकाच्या ओट्यावर बसलेले म्हातारे बोलायचे थांबले. याडीनं हातातलं बोंड खाली ठेवलं. माझ्यासाठी याडीनं हातातलं काही खाली ठेवल्याचं मला आठवत नाही. त्या क्षणी मी जी जळले ती अजून, हे लिहिताना, थोडी जळतेच आहे.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा याडी मला म्हणाली, "कमळे, हिले डोंगर दाखवून आन. आपली ओळ हिनं आपल्या डोयानं पाह्यली पाह्यजे. तुह्याइतका डोंगर कोनाले माईत हाय?"

बाकीच्या वेळी हे शब्द ऐकून मी हवेत चालले असते. आता मला वाटलं, बघा, माझ्याच हातानं माझं द्यायला लावतायत. सकाळी आम्ही निघालो. जमनी सारखी विचारत होती, हे काय, ते काय. मी तिला जुन्या ओळींतल्या सगळ्या जागा दाखवल्या, शिळा, मोह, भुयार. त्या तर गाण्यात आधीच होत्या. उत्तरेच्या उताराकडे वाट फुटते तिथं मी थांबलेसुद्धा नाही. ऊन चढलं. जमनीचा चेहरा उतरत गेला. खिंडीजवळ ती एका खडकावर बसली आणि म्हणाली, "कमळे, सगळ्याच जागा कोनाच्या ना कोनाच्या हायेत व. मले तं एकबी उरली नाही. मी काय गाऊ?"

खिंडीत दगडांचा एक ढीग होता, कमरेइतका उंच. आमच्या कापसाच्या वावरातून वेचून काढलेले दगड. बानं आणि मी दोन उन्हाळे वाहून तिथं टाकले होते, त्यातले अर्धे माझ्याच हातचे. माझ्या तोंडून निघालं, "ही समाधी हाय."

"कोनाची?"

"बैलाची. पाखऱ्याची."

आणि मग मला थांबताच आलं नाही. मी म्हणाले, हेमला नायकाच्या तांड्याचा हा म्होरक्या बैल होता, ठिपक्याठिपक्याचा. शेवटची मिठाची गोणी यानंच वर आणली. चढ चढताना त्याच्या नाकातून रक्त येत होतं, पण यानं गोणी टाकली नाही. वर आला, गोणी उतरवली आणि या जागी बसला तो उठलाच नाही. नायक म्हणाला, जिथं पाखऱ्या बसला तिथून आता तांडा हलणार नाही. म्हणून आपण इथं आहोत. प्रत्येकानं एकेक दगड ठेवला. मी सांगत गेले आणि मला स्वतःलाच रडू आलं, त्यामुळे ते फारच खरं वाटलं असणार. जमनी ऐकताना माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिनं वाकून एक दगड उचलला आणि ढिगावर ठेवला.

"हे गान्यात काहून नाही?" तिनं विचारलं.

"कोनी घेतलंच नाही. तू घे," मी म्हणाले.

माझा हिशेब सरळ होता. बायकांना डोंगरावरचा दगड न् दगड माहीत. अशी कुठलीही समाधी नाही हे त्यांना ठाऊक. जमनी ओळ म्हणेल, आणि एकीचंही तोंड उघडणार नाही. मग याडीला कळेल, बाहेरच्या पोरीला आतलं गाणं देऊन काय होतं ते. परत येताना मी जमनीशी इतकी गोड बोलले की तिनं माझा हात धरला, आणि मी तो धरू दिला.

लग्न वैशाखात लागलं. लापशी झाली, वरण झालं, वणीहून काका दोन दिवस आधी आले होते. निघायच्या दिवशी सकाळी नायकाचा पांढरा बैल लिंबाखाली आणला, त्याच्या पाठीवर गोधडी टाकली. जमनीनं बायकांच्या गळ्यात पडून ढावलो म्हटलं, म्हणजे निरोपाचं रडगाणं. माझ्या गळ्यात पडली तेव्हा मी ताठ उभी होते. मग तिला बैलावर चढवली. ती लाल काचळी तिच्या अंगावर होती आणि तिच्यातले आरसे उन्हात असे चमकत होते की मला डोळे बारीक करावे लागले. तिनं हात वर केले. मुक्काम गायली, एक नाव चुकलं नाही. मग शिळा, मग मोह, मग भुयार. बायका प्रत्येक ओळ उचलत होत्या. आत्या रडत होती.

मग ती क्षणभर थांबली आणि तिची ओळ आली. अर्थ असा, शेवटचं मीठ ज्यानं वर आणलं त्या पाखऱ्या, मी खाली चालले, तू बसून राहा, तू उठलास तर तांडा उठेल.

ओळ कुणी उचलली नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोण पाखऱ्या? नायकाच्या बायकोच्या कपाळाला आठी पडली. एक म्हातारी शेजारणीच्या कानात काही तरी पुटपुटली. जमनीचे हात वरच होते. काका मान खाली घालून उभे होते. मला हवं होतं ते अगदी तसंच होत होतं. मला आत आनंद झाला, खोटं का बोलू. आनंदच झाला. नंतर तिचे हात खाली यायला लागले, तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवली.

आणि माझ्या मागून आवाज आला. याडीचा. एकटीचा. पाखऱ्याची ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. याडीनं उचलली म्हटल्यावर आत्यानं उचलली, मग नायकाच्या बायकोनं, मग सगळ्यांनी. दुसऱ्यांदा म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली. मी मागे वळून बघितलं तर याडीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. माझा बा लिंबाला टेकून उभा होता आणि त्यानं पटक्याचा शेव तोंडावर धरला होता. मला तेव्हा उमगलं की मी ढिगाला आमच्याच बैलाचं नाव दिलं होतं. दुसरं नाव मला सुचलंच नव्हतं.

दिवेलागणीला पाहुणे गेल्यावर याडी चुलीपुढे बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाव चांगलं ठेवलं तू." एवढंच. मला वाटलं आता मार बसेल, शिव्या बसतील. काही झालं नाही. ती उठून उरलेली लापशी वाढायला लागली. मी त्याचा अर्थ असा लावला की याडीला खोटं कुणाचं ते कळलं, आणि तरी तिनं जमनीचीच बाजू घेतली. हा काटा मी पुढं किती तरी वर्षं जपून ठेवला.

माझं लग्न तीन वर्षांनी झालं. तोवर नायकाचीही जोडी विकली गेली होती. मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी केली. मी मुक्काम गायले, जागा गायल्या, माझ्याच तोंडानं पाखऱ्याची ओळ गायले आणि ती बायकांनी सगळ्यात मोठ्यानं उचलली. मग माझी, झिऱ्याची. याडीनं लगेच उचलली, बायकांनीही उचलली, पण कुणी रडलं नाही. मी नीट बघत होते.

आता याडी नाही, बा नाही. भावाच्या मुलीचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं, तेव्हा मी ढाणकीहून, माझ्या सासरच्या गावाहून, डोंगरावर गेले. आता वरपर्यंत सडक आहे. खिंडीतला ढीग पुरुषभर उंच झालाय, त्याला शेंदूर आहे, वर झेंडा आहे, आणि तांड्यावरच्या पोरांनी पाटी लावली आहे. पोळ्याला बैल नाहीत, तर ट्रॅक्टर धुऊन त्याला फेरी घालतात. मी दोन उन्हाळे डोक्यावर वाहिलेले दगड, आणि लोक तिथं चप्पल काढतात. भाची ट्रॉलीत उभी राहून गायली, मोबाइलमध्ये बघत. पाखऱ्याची ओळ आली तसा सगळ्यांनी सूर धरला. पुढं माझी ओळ यायची, ती आलीच नाही. भाची सरळ पुढच्या ओळीवर गेली. खाली बोअर मारल्यापासून झिरा आटलाय, जे पाणी कुणी पाहिलंच नाही ते पोरींना पाठ कसं राहणार.

जमनी माझ्या शेजारीच बसली होती. ती महागावजवळच्या तिच्या तांड्यावरून आली होती, सगळे दात गेलेली, आवाज मात्र तोच जाड. माझ्या पोटातली चूल पेटली. माझी ओळ गेली, हिची राहिली, आणि तीही माझ्या खोट्यावर. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते मी बोलले. तिला दुखावं म्हणूनच बोलले.

"जमने, तिथं कोनी बैल पुरला नव्हता व. आमच्या वावरातले गोटे होते थे. मी खोटं सांगतलं होतं तुले."

ती पदरानं चष्मा पुसत होती. "माईत हाय मले," म्हणाली.

"कवापासून?"

"तवापासूनच. गोठा कोन झाडत होतं घरचा? खुंट्यावर घुंगरमाळ होती. तुह्या बानं सांगतलं होतं मले, पाखऱ्याची हाय म्हनून. कमळी लय रडली, म्हने."

"मंग काहून गायली? बायांनी उचलली नसती तं?"

जमनीनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं, खिंडीत बघितलं होतं तसंच.

"चार महिने होती मी तुमच्या घरी," ती म्हणाली. "त्या एका दिवशी तू माह्याशी अर्धा घंटा बोलली. डोंगरावरचं माहं तेवढंच होतं. दुसरं काय गाऊ?"

मांडवात जेवणाच्या पंगती बसत होत्या, कुणी तरी आम्हाला हाका मारत होतं. मी उठले. तिला हात देऊन उठवलं. माझे गुडघे आणि तिची कंबर, आम्ही दोघी उत्तरेच्या उतारावर कशा पोचलो ते आमचं आम्हाला माहीत. उंबर अजून आहे. मुळाखालची खडकाची वाटी कोरडी होती, तिच्यात वाळकी पानं पडली होती. मी पानं काढली आणि तिला म्हणाले, हे माझं होतं, हे मी तुला दाखवलं नव्हतं; इथं ओंजळभर प्यायचं आणि पुन्हा भरेपर्यंत थोडा वेळ थांबायचं. जमनी खाली बसली आणि त्या कोरड्या खडकापुढं तिनं दोन्ही हातांची ओंजळ धरली, थोडा वेळ थांबायचं असतं म्हणून थांबली. मी तिच्या शेजारी बसले. जेवायला आम्ही शेवटच्या पंगतीलाही पोचलो नाही, त्या दिवशी आम्ही अर्ध्या घंट्यापेक्षा पुष्कळ जास्त बोललो.